मास्तर पुढं चालतो

इंग्रजीत त्याला कंडक्टर म्हणतात. आपल्याला कंडक्टर म्हटला की एस.टी.तला आठवतो, शिट्टी मारणारा आणि सुट्ट्या पैशांवरनं भांडणारा. बँडात त्याला मास्तर म्हणतात. शाळेतल्या मास्तराला पगार असतो, बँडमास्तराला सुपारी असते. बाकी फरक म्हणाल तर शाळेतला मास्तर पोरांना बसवून शिकवतो, हा चालता चालता शिकवतो.

आमच्या चुलत्यांचा, तात्यांचा, बँड होता. अकरा माणसं. दोन क्लारनेट, दोन ट्रंपेट, एक युफोनियम (ते कायम दुरुस्तीला), साईड ड्रम, मोठा ढोल आणि बाकी खुळखुळे. आजा हलगी वाजवायचा, बलुत्यावर. तात्यांनी हलगी भिंतीला टांगली आणि क्लारनेट घेतलं. लाल कोट शिवला, त्याला पितळी बटनं लावली. आजाला सुगीला पाटी भरून जोंधळा मिळायचा. तात्या सुपारी घ्यायचे, रोख, निम्मे पैसे आधी. हा फरक लहान नव्हता. गावानं तो लवकर ओळखला, आम्हाला उशिरा कळला.

मी चौदा वर्षांचा असताना खुळखुळा वाजवायला जायचो. एका मोठ्या बागायतदाराच्या घरचं लग्न. परण्या निघायचा होता. आम्हाला गोठ्यात बसवलं. परण्या लागला, टाळी लागली, पंगती उठायला लागल्या, आमचं ताट काही येईना. मग घरचा एक जण आला आणि म्हणाला, "ये वाजंत्र्यांनो, बसलाय काय, पाण्याचे पिंप उचला." लाल कोट घातलेली अकरा माणसं पिंप उचलायला लागली. तात्यांनी क्लारनेट माझ्या हातात दिलं आणि तेही उठले. मी ते क्लारनेट धरून उभा होतो. त्या दिवसाचं जेवण काय होतं ते आठवत नाही, पिंपाखाली वाकलेली पितळी बटनं आठवतात.

पुढं मी शिकायला बाहेर पडलो. १९७८ साल, नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाड्यात आपली घरं जळत होती. शिबिरं, मोर्चे, रात्रभर चर्चा. मी घरी आलो ते तोंडात भाषण घेऊनच. तात्यांना म्हणालो, हे वाजवणं बंद करा. मेलेली गुरं ओढणं सोडलं, येसकरकी सोडली, मग हे का नाही सोडत? ही गुलामीच आहे, कोट घातलेली. तात्या क्लारनेटची पट्टी भिजवत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाजवायचं सोडू म्हणतोस, का त्येंच्या दारात वाजवायचं सोडू म्हणतोस? दोन्ही येगळं हाय बाबा."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुस्तकी होतं, पण ते तात्यांपुढं चाललं नसतं. ह्या प्रश्नाची दुसरी टोकं मला फार उशिरा, फार लांबच्या मुलखात सापडली. तीच आज सांगतो. आपण पँथर हे नाव १९७२ साली मुंबईत ज्यांच्यावरून घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांची ही गोष्ट. मात्र पँथरच्या पन्नास-साठ वर्षं आधीची, आणि बंदुकीची नाही, बँडाची. बंदूक येते मधी, पण ती दुसऱ्यांच्या लढाईत.

काळ्यांना गुलामीतून सुटून फार दिवस झाले नव्हते. कायद्यानं सुटले १८६५ साली. दक्षिणेत डबा वेगळा, नळ वेगळा, शाळा वेगळी. काळ्यांच्या गावोगावच्या वस्त्यांत तेव्हा बँड उभे राहिले. कुणाच्या चर्चचा, कुणाच्या मंडळाचा, कुणाच्या अनाथाश्रमाचा. चार्ल्स्टन गावात डॅनियल जेन्किन्स नावाच्या काळ्या पाद्र्यानं १८९१ साली अनाथ पोरांसाठी आश्रम काढला. खर्चाला पैसा नाही, म्हणून लोकांकडनं जुनी वाद्यं मागून आणली, वाजवणारे मास्तर ठेवले आणि पोरांचा बँड रस्त्यावर काढला. पुढं एक चिमुरडा हातात काठी घेऊन नाचत बँड चालवायचा. लोक हसायचे आणि टोपीत पैसे टाकायचे. १८९५ साली ही पोरं लंडनपर्यंत गेली. त्या आश्रमात शिकवणाऱ्या मास्तरांत फ्रान्सिस यूजीन मायकेल नावाचा एक होता. त्याचं नाव ध्यानात ठेवा, पुन्हा येईल.

न्यू ऑर्लिन्सला असाच एक रिमांड होम, काळ्या पोरांचा. १९१३ सालच्या सुरुवातीला तिथं एक पोरगा आणला. नववर्षाच्या आदल्या रात्री त्यानं रस्त्यात पिस्तूल उडवलं होतं. तिथला बँडमास्तर पीटर डेव्हिस. त्यानं पोराला आधी खंजिरी दिली, मग ड्रम, मग आल्टो हॉर्न, मग बिगूल आणि शेवटी कॉर्नेट. पुढं त्या बँडाचा पुढारीही त्यालाच केला. त्या पोराचं नाव लुई आर्मस्ट्राँग. जगभर ज्याचा ट्रंपेट ऐकला गेला तो. त्याच्या नावावर पुस्तकं आहेत, पीटर डेव्हिसच्या नावावर दोन ओळी असतात.

जाता जाता एक गंमत. डब्ल्यू. सी. हँडी म्हणून मोठा संगीतकार झाला, ब्लूजचा बाप म्हणतात त्याला. तो उमेदवारीच्या काळात, १८९६ पासून, ज्या फिरत्या कंपनीत होता तिचं नाव 'महाराज् मिन्स्ट्रेल्स'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उडालोच. महारांची तमाशा कंपनी, अमेरिकेत? तर तसं नाही. मालकाचं आडनाव महारा, आणि तो गोरा. वादक मात्र काळे. तेव्हा नाव काहीही असो, गणित आपलंच निघालं. हँडी नंतर १९०३ साली क्लार्क्सडेल गावात काळ्यांच्या एका मंडळाच्या बँडाचा मास्तर झाला.

पण मला सांगायचंय ते जेम्स रीझ यूरोपबद्दल. यूरोप हे त्याचं आडनाव. माणूस काळा, जन्म अलाबामातल्या मोबील गावचा. पोरगा असताना घर वॉशिंग्टनला आलं. सरकारी मरीन बँडचा नावाजलेला मास्तर जॉन फिलिप सूसा त्यांच्या घराजवळच राहायचा. त्या बँडातल्या एका दुय्यम मास्तराकडं हा व्हायोलिन शिकला. शिकून न्यूयॉर्कला आला तेव्हा काळ्या वादकाची हालत काय होती? श्रीमंतांच्या हॉटेलात, बंगल्यात वाजवायला बोलवायचे आणि वाजवून झालं की ताटं उचलायला, भांडी घासायला लावायचे. पैसे मर्जीवर. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. मला पाण्याचे पिंप दिसले.

यूरोपनं १९१० साली क्लेफ क्लब काढला. नाव क्लब, काम युनियनचं. पश्चिम ५३ व्या रस्त्यावर स्वतःची जागा घेतली. ज्याला बँड पाहिजे त्यानं तिथं फोन करायचा, क्लब माणसं पाठवणार. दर ठरलेला. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा, लांबचं असेल तर राहण्या-जेवणाची सोय बोलावणाऱ्याची. वादक वाजवील, दुसरं काम करणार नाही. बघा, ह्यात कुठं भाषण नाही, जाहीरनामा नाही. पण एकेकट्यानं दारात जायचं बंद झालं, आणि पिंप उचलायचं कोण सांगतो ते क्लब बघून घेणार होता. तात्यांनी आगाऊ निम्मी सुपारी घेतली ती ह्याचीच पहिली पायरी होती. दुसरी पायरी आपल्याकडं फारशी कुणी चढली नाही. एका गावचा बँड नाही म्हणाला की शेजारच्या गावचा कमी पैशात येतो. मांगाच्या बँडाविरुद्ध महाराचा, दोघांविरुद्ध तिसऱ्याचा. हे आपल्यातच बोलायला पाहिजे म्हणून इथं लिहितोय.

२ मे १९१२ रोजी क्लेफ क्लबचा बँड कार्नेगी हॉलमध्ये वाजला. कार्नेगी हॉल म्हणजे गोऱ्यांच्या शास्त्रीय संगीताचं देवघर. शे-सव्वाशे काळी माणसं मंचावर, पुढं उभा यूरोप. कार्यक्रम होता हार्लेममधल्या काळ्या पोरांच्या संगीतशाळेच्या मदतीसाठी. वादकांत कित्येक दिवसा दुसरी कामं करणारे, तालमीला आज एक यायचे तर उद्या दुसरे. पुष्कळांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. आणि वाद्यं? मेंडोलिन, बँजो, मागं पियानोंची रांग. टीकाकार म्हणाले, हा कसला ऑर्केस्ट्रा, ह्यात ओबो नाही, अमुक नाही. यूरोपनं सरळ सांगितलं की दुसऱ्या व्हायोलिनांच्या जागी आम्ही बँजो वापरतो. बँजो हे आफ्रिकेतून गुलामांनी आणलेल्या वाद्याचं पोर. आपल्या हिशोबानं म्हणायचं तर त्यानं हलगी नेऊन देवघरात ठेवली, आणि माफी मागून नाही.

आता दुसरी बाजूही बघा. ज्यांना वाचता येत होतं त्यांचं काय? युबी ब्लेक हा त्याच पिढीतला पियानोवाला. त्यानं म्हातारपणी सांगून ठेवलंय की आम्ही नोटेशन आधी पाठ करायचो आणि गोऱ्यांसमोर कागद न घेता वाजवायचो. कारण त्यांना वाटायचं की काळ्याच्या अंगातच संगीत असतं, त्याला शिकावं लागत नाही. ते वाटणंच त्यांना आवडायचं आणि त्यावरच सुपारी मिळायची. आपल्याला हे ऐकून नवल वाटायला नको. 'मांगाचं पोर, रक्तातच ताल' असं म्हणून पाठीवर थाप मारणारे मीही पाहिलेत. रक्तातच असेल तर शिकण्याचे कष्ट कुणाचेच नाहीत, मग पैसे कशाचे द्यायचे? तात्यांकडं दोनशे पानांची वही होती, प्रत्येक गाणं सारेगममध्ये लिहिलेलं. लग्नात ती कोटाच्या आत असायची.

इथं एक तारीख सांगून ठेवतो. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आले ते जुलै १९१३ मध्ये आणि लंडनला निघाले ते जून १९१६ मध्ये. कोलंबिया हे हार्लेमला लागूनच आहे. त्यांनी यूरोपचा बँड ऐकला का, ह्याला पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बाबासाहेबांच्या तोंडी गोष्टी घालण्याची सवय आपण सोडली पाहिजे. एवढंच म्हणतो की हार्लेम घडत होतं तेव्हा ते शेजारी होते. आणि १९४६ साली त्यांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, काळ्यांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रसंघाकडं दिलेल्या अर्जाची प्रत मागितली. ह्या पत्राला पुरावा आहे.

बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून निघाले त्याच जून १९१६ मध्ये हार्लेममधून काळ्यांची एक पलटण उभी राहायला लागली, १५ वी न्यूयॉर्क. कर्नल गोरा. भरती जोरात व्हावी म्हणून त्याला फर्स्टक्लास बँड पाहिजे होता आणि त्यासाठी यूरोप. लष्कराच्या नियमात बँडाला २८ वादक. यूरोप म्हणाला, एवढ्यात होत नाही. मग एका धनिकानं दहा हजार डॉलर दिले. चांगले क्लारनेटवाले मिळेनात म्हणून यूरोप प्वेर्तो रिको बेटावर गेला आणि तिथून माणसं घेऊन आला. आणि तो नुसता बँडमास्तर राहिला नाही. परीक्षा देऊन लेफ्टनंट झाला, मशीनगन कंपनीत. त्याच्या हाताखालचा मास्तर म्हणून आला तो चार्ल्स्टनच्या अनाथ पोरांना शिकवणारा मायकेल.

ऑक्टोबर १९१७ मध्ये पलटण दक्षिणेत स्पार्टनबर्ग गावी शिकायला पाठवली. तिथं बँडाचा ड्रम मेजर नोबल सिसल एका हॉटेलात वर्तमानपत्र घ्यायला शिरला. मालकानं डोक्यावरची टोपी उडवली, लाथा घातल्या, कारण टोपी काढली नाही. अंगावर सरकारी गणवेश असताना. बाहेरचे सैनिक आत घुसले, मालकाला आता सोडत नाहीत. तेव्हा यूरोप आत आला, आवाज न चढवता सगळ्यांना बाहेर काढलं. मला हा प्रसंग खुपतो. तरणा असतो तर म्हणालो असतो, कच खाल्ली. आज वाटतं, त्या गावात त्या रात्री एक गोळी सुटली असती तर फ्रान्सला कोणी गेलं नसतं आणि हार्लेममध्ये प्रेतं आली असती. तरीही खुपतं. त्याआधी न्यूयॉर्कच्या 'इंद्रधनुष्य' डिव्हिजनच्या निरोपाच्या संचलनात ह्या पलटणीला घेतलं नव्हतं. काळा रंग इंद्रधनुष्यात नसतो, असं उत्तर मिळालं म्हणून सांगतात.

१ जानेवारी १९१८ ला हे ब्रेस्ट बंदरात फ्रान्सच्या जमिनीवर उतरले. बँडानं फ्रान्सचं राष्ट्रगीत धरलं. फ्रेंच शिपाई नुसते बघत राहिले, आठ-दहा मात्रा-आवर्तनं गेली तेव्हा कुठं त्यांना उमगलं की हे आपलंच गाणं आहे, आणि सगळे ताठ उभे राहिले. तालच वेगळा होता. अमेरिकन सैन्यानं ह्या काळ्यांना आपल्या शेजारी लढू दिलं नाही, फ्रेंचांच्या हवाली केलं. पलटणीचं नाव झालं ३६९ वी. १९१ दिवस आघाडीवर. यूरोप खंदकात होता, जूनमध्ये विषारी वायूनं दवाखान्यात पडला, तिथं पडल्या पडल्या गाणं लिहिलं. ऑगस्टमध्ये बँड पॅरिसला एका कार्यक्रमापुरता गेला आणि आठ आठवडे राहिला. तिथल्या प्रसिद्ध सरकारी बँडाच्या मास्तरानं स्वरलिपी मागून नेली, आपल्या वादकांकडनं वाजवून घेतली, पण तो आवाज निघेना. मग त्यांनी येऊन ह्यांची वाद्यं तपासली, आत काही बसवलंय का म्हणून! यूरोपनं परत आल्यावर १९१९ साली एका लेखात हे सांगितलं आणि पुढं म्हणाला की आम्ही फ्रान्स जिंकलं ते आमचं स्वतःचं संगीत वाजवून, दुसऱ्याची फिकी नक्कल करून नाही.

इकडं आपल्याकडं काय होतं? त्याच लढाईसाठी १९१७ साली इंग्रजांनी १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ पर्यंत मोडली. तुलना मी करून देत नाही, तुम्हीच करा.

१७ फेब्रुवारी १९१९. ज्यांना जाताना रस्ता दिला नव्हता ते न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरनं परतले. फ्रेंच सरकारनं पलटणीला क्रॉस द गेर दिलेला. फ्रेंच पद्धतीनं खांद्याला खांदा लावून अख्खी रुंदी भरून चालत होते. पुढं बँड, बँडापुढं यूरोप. गोऱ्यांच्या वस्तीत फक्त लष्करी चाली वाजवल्या. हार्लेममध्ये शिरल्यावर त्यानं आपली चाल धरली, बाप घरी आल्याचं गाणं, आणि रांगा मोडल्या, बायका-पोरं शिपायांना येऊन बिलगली. म्हणजे कुठं काय वाजवायचं, कुणासाठी राखून ठेवायचं, हे मास्तराच्या हातात होतं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेत गावोगाव काळ्यांवर हल्ले झाले. लढाईतून आलेल्या कित्येकांना मारलं. मिरवणुकीनं ते थांबलं नाही.

यूरोपनं तो उन्हाळा पाहिला नाही. ९ मे १९१९ ला बॉस्टनमध्ये कार्यक्रम होता. त्याच्या बँडातला एक ड्रमवाला, हर्बर्ट राइट, मध्यंतरात चिडून खोलीत आला. मास्तर मला नीट वागवत नाही, दुसऱ्याच्या चुका माझ्यावर घालतो, ही तक्रार. हातात खिशातला चाकू. मानेवर वार झाला. लहानच जखम वाटत होती. सकाळी नऊला सरकारी इमारतीपुढं वाजवायचंय, बँड वेळेवर आणा, असं सिसलला बजावून यूरोप दवाखान्यात गेला. इकडं बँडानं राहिलेला कार्यक्रम पुरा केला. तो त्याच रात्री मेला. चाळिशीही गाठली नव्हती. न्यूयॉर्कनं त्याची सार्वजनिक अंत्ययात्रा काढली. बँड पुढं चालला, पण वाजवलं नाही. २०२१ साली अमेरिकेच्या सरकारनं त्या पलटणीला सुवर्णपदक मंजूर केलं, शंभर वर्षांनी.

आपल्या लोकांत पुढारी मोठा झाला की त्याचा फोटो होतो आणि ड्रमवाल्याची तक्रार कुणी ऐकत नाही. राइटची तक्रार खरी की खोटी हे आता कळायचं नाही. खून तो खूनच. पण यूरोपवर लिहिताना त्याला 'वेडा' म्हणून एका शब्दात उडवतात, ते मला पटत नाही. तो लढाईतून आलेला शिपाई होता. त्याला दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली, १९२७ साली सुटला. सुटून बॉस्टनमध्येच राहिला. शेजारच्या एका पोराला ड्रम शिकवायला लागला. तो पोरगा रॉय हेन्स. पुढं जॅझचा फार मोठा ड्रमवाला झाला, २०२४ साली नव्व्याण्णवाव्या वर्षी वारला. काठी धरायला त्याला लहानपणी राइटनं दाखवली होती.

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या काळात ते गावच्या लग्नांना जात नव्हते. ते माझ्या भाषणामुळं नाही. दात पडले, क्लारनेट धरवेना. आणि गावात डीजे आला. चौदा एप्रिलला मात्र पुढं चालायचे, काठी घेऊन, नुसते. आमच्याकडं भीमजयंतीच्या मिरवणुकीत बँड असावा की नसावा ह्यावरनं पोरांत दोन तट होते. एक तट म्हणायचा वाजवणं हे जातीचं काम. तात्या दोन्ही तटांना तेच विचारायचे, जे मला विचारलं होतं.

वही माझ्याकडं आहे. पुढून गाणी, सारेगममध्ये. मागून उधारी. कुणाच्या लग्नाची राहिलेली निम्मी सुपारी, गाव, साल, आकडा. काही पानांवर पैशाऐवजी लिहिलंय, 'जेवान न्हाई'. तुमच्या तालुक्यात असे मास्तर असतील. कुणाचा बाप, कुणाचा चुलता. त्यांच्या वह्या रद्दीत जायच्या आत मागून घ्या. आणि मागची पानं फाडू नका.